किरकोळ वजनं

एकतीस वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलतो.
पोतं येतं, काटा थरथरतो, थांबतो,
मी आकडा ओरडतो, शिकंदर पोतं उचलतो,
भरतेश शेठचा मुनीम लिहून घेतो.
रात्री भाकरी मोडताना बोटं पिवळी.
जिनमती म्हणते, तुम्हाला रोजचीच हळद,
वरात तेवढी निघत न्हाई.

मंगळवारी सौदा अडला.
भावावरून आवाज चढले आणि सगळे भांडत भांडतच चहाला गेले.
शेडमध्ये मी
आणि रिकामा काटा, शून्यावर.

एक चिमणी येऊन काट्यावर बसली.
आकडा हलला नाही.
चोच, पोट, शेपूट, सकाळपासूनची भांडणं,
एवढं सगळं घेऊन आलेला जीव,
आणि काट्याच्या लेखी कुणी आलंच नव्हतं.
पन्नास ग्रॅमच्या खालचं त्याला कळत नाही,
हे मला ठाऊक होतं.
पण ठाऊक असणं वेगळं.

ती उडाली. पत्र्यावर एक पीस राहिलं.
ते मी खिशात घातलं, का ते विचारू नका.
मग चप्पल काढून ठेवली.
डावी साडेतीनशे, उजवी तीनशे.
उजवी जास्त झिजली म्हणजे
एकतीस वर्षं मी जरा उजवीकडंच
झुकून चालतोय की काय?
मग स्वतः चढलो. एकाहत्तर दोनशे.
श्वास कोंडला. तेवढाच.
सोडला. तेवढाच.
मग स्वतःलाच मोठ्यानं हाक मारली, "मगदूम!"
आकडा दचकून एकाहत्तर अडीचशे झाला
आणि लगेच जागेवर आला.
नावाचं वजन पन्नास ग्रॅम.
तेही हाक ऐकू येईपर्यंत.

आणि मग मी उडी मारली.
सत्तावन्नावं चालू आहे, गुडघा वाटीतून बोलला,
पण अधांतरी असताना मी डोळ्यांनी बघितलं:
शून्य.
चिमणीला दाखवलं होतं तेच.

"मामा, काय करालाय?"
शिकंदर, हातात चहाचा ग्लास.
"बघालोय."
"काय?"
"त्येच तर म्हाईत न्हाई."
त्यानं ग्लास पोत्यावर ठेवला,
दाराकडं एकदा पाहिलं,
आणि उडी मारली. आख्खं शेड हादरलं.
तीस मणाचा नव्हे हो, सहासष्ट किलोचा माणूस.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला.
डोक्याला गुंडाळायचा पंचा कोरडा असताना तोलून घेतला,
संध्याकाळी पुन्हा ठेवला, ओला.
दोनशे ग्रॅमचा फरक.
तो बराच वेळ आकड्याकडं बघत राहिला.
"एवढा मी रोज सांडतोय व्हय,"
म्हणाला, आणि पंचा पिळला,
आणि पुन्हा ठेवला. खेळ अर्धवट सोडायचा नाही म्हणून.

मुनीम आता पोतं लिहिताना माझ्याकडं संशयानं बघतो.
आकडा ओरडायच्या आधी मी मनात अंदाज बांधतो, म्हणून उशीर होतो.
हरतो बहुतेकदा.
एखादं पोतं कृष्णेचं पाणी लपवून आलेलं असतं,
एखादं दिसायला पैलवान आणि आत नुसता वारा.

बुधवारी रात्री सराफकट्ट्यावर गेलो.
पोतदारांचा काटा काचेच्या पेटीत राहतो,
त्याला फुंकरसुद्धा कळते.
"काय आणलंय, सोनं?"
"पीस."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
कधी काळी गुंजा मोजणाऱ्या घरातला माणूस;
दुकान बंद करायची वेळ, मुलगा शटरपाशी उभा.
काही न बोलता त्यांनी चिमटा घेतला,
पीस पारड्यात ठेवलं, काच सरकवली,
पंखा बंद करायला सांगितला.
आम्ही दोघं म्हातारे, कपाळाला कपाळ लावून,
श्वास धरून वाकलो.

आकडा आला.
पोतदार हसले, मी हसलो, मुलगा शटर सोडून आत आला.

किती ते सांगणार नाही.
आधी तुम्ही सांगा बघू.